शेवटच्या झाडाचं पाणी

सीबच्या मासळीबाजारात, सुरमईचा भाव करता करता
खलफान खाली बसला.
आता मस्कतला, आमच्या टेबलावर,
त्याच्या छातीवर रोडेलचे दोन्ही तळवे,
बेचाळीस मिनिटं झाली.
मी मोजत नाही. भिंत मोजते.

दिशदाशा कात्रीनं उभी फाडली.
गळ्याचा गोंडा तेवढा राहिला कानाजवळ,
लोबानाच्या वासाचा.
तो कुणी फेकला नाही.

माझं काम पंप.
नळ्या भरायच्या, टिचक्या मारायच्या,
नारळात पाणी आहे का बघावं तशा.
एक बुडबुडा लपला तर
पुढचं सगळं फुकट.

डॉक्टर हातिम म्हणतात, कापूया, निदान डोळ्यांना दिसेल.
डॉक्टर शम्सा म्हणते, टोचूनच.
रक्त पातळ केल्यावर कापलेली जांघ रात्रभर रडते.
दोघंही बरोबर आहेत.
वेळ एकापुरताच आहे.

एरवी सोपं असतं.
उडते ती धमनी,
दाबली की मिटते ती शीर.
आज रोडेल दाबतो तेव्हा दोन्ही उडतात,
आणि सुईतून दोन्हीकडून काळंच येतं.
रंग मुका, ठोका उसना.
कुठली नेणारी, कुठली आणणारी?

"तार," शम्सा म्हणते.
एक तार जाते. दुसरी जाते.
घशातून उतरवलेल्या प्रोबच्या पडद्यावर आम्ही वाकतो,
विहिरीत पडलेली कळशी गळानं शोधताना
काठावर वाकतात तसे.
उजव्या दालनात एक तार चमकते.
दुसरी महाधमनीत दिसायला हवी.
दिसत नाही.
"थांब."
रोडेल थांबतो,
आणि या खोलीत खलफानसाठी कुणीच काही करत नाही
असे चार सेकंद.
मग एक बारीक रेघ, जिथे हवी तिथे.
"चालू."

मग वाट रुंद करणं. बारीक, जाड, त्याहून जाड.
शिरेला पंचवीस नंबर, धमनीला सतरा.
नळीला नळी भिडेपर्यंत मी मिठाचं पाणी ओतत राहते,
दोन्ही तोंडं ओली, मध्ये वाऱ्याला जागा नाही.
चिमटे सुटतात.
काळं गेलं.
लाल आलं.
"रोडेल, हात काढ."
त्यानं काढले.
पण ते हवेत दाबतच राहिले, थोडा वेळ.

अजून पाय राहिलाय.
सतरा नंबरची नळी धमनी अडवून बसते,
तिच्या खाली पाय तहानलेला.
माणूस वाचतो आणि पाय वाळतो, असंही होतं.
म्हणून आणखी एक नळी, बोटभर, पायाकडे तोंड करून,
बॉलपेनच्या रिफिलएवढी.
हातिम घालतात. ते वाद विसरलेत.

गुहागरला आमच्या पोफळीच्या वाडीत
पाटाच्या टोकाला एक झाड होतं.
पाणी तिथवर पोचायच्या आत लाईट जायची.
आई त्याला कळशीनं घालायची
आणि बाबांना सांगायची नाही.

बाहेर मुलगा, मुहन्ना.
दुकानांतून शिकलेली हिंदी बोलतो माझ्याशी.
बाबा गावच्या फलजचं पाणी वाटतात, म्हणतो.
कुणाच्या खजुरांना किती वेळ,
काठीची सावली बघून.
उद्या वाटप आहे, कोण बघणार?
हृदय सुरू झालं का, हे तो विचारत नाही.
मीही सांगत नाही की नाही.
पंप चालू आहे, म्हणते.
तो मान हलवतो. पंप त्याला कळतो.

पहाटे चारला चादर उचलून
मी खलफानच्या उजव्या पायाचा अंगठा दाबते.
सोडते.
पांढरा.
एक.
दोन.
मग सावकाश, मुळाकडून,
गुलाबी.